पडल्याची बातमी

माझ्या टेबलावर स्टीलचा एक डबा असायचा. झाकण कधीचंच हरवलेलं. एम.आर.आय.च्या खोलीत शिरण्याआधी अंगावरचं सगळं लोखंड, पितळ, सोनं त्यात जमा करायचं, कारण आतलं मशीन म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक. ते दिवसरात्र जागं असतं. 'बटण बंद केलं तरी चुंबक बंद होत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. बायका मंगळसूत्र काढायला कुरकुरत, पुरुष करदोडा काढायला त्याहून जास्त. एक सरपंच तर 'काहीच नाही, काहीच नाही' म्हणत कमरेतून किल्ल्यांचा जुडगा, दोन तावीज आणि शेवटी लाजत लाजत अडकित्ता काढून गेले. माणसं त्या डब्याशी जितकं खरं बोलत, तितकं डॉक्टरांशी बोलत नसत, असं माझं मत आहे.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका सेंटरात मी सत्तावीस वर्षं रेडिओग्राफर होते. म्हणजे फोटो काढणारी बाई. फोटो वाचून रिपोर्ट लिहितात त्या डॉक्टर. फोटोत काय दिसलं ते पेशंटला सांगायची आम्हाला मनाई, आणि ती बरोबरच आहे. पण नातेवाईक काही कमी नसतात. मशीनच्या खोलीचं दार उघडलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. "काई निंघालं काय मॅडम?" मी म्हणायची, "डॉक्टर सांगतील." तोंड कोरं ठेवायचं हे या कामातलं निम्मं शिक्षण. ते मला चांगलं जमायचं. एकदाच जमलं नाही, आणि त्याचीच ही हकीकत.

आमच्याकडे कंपवाताचे पुष्कळ पेशंट येत. ज्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात तो. हात थरथरतो, अंग लाकडासारखं होतं, पावलं आखूड पडतात. या लोकांच्या मेंदूचा फोटो कशाला काढतात, हे मला घरचे पाहुणेसुद्धा विचारतात. गंमत अशी की साध्या एम.आर.आय.त हा आजार बहुतेक वेळा दिसतच नाही. त्या वयाच्या कुठल्याही माणसाचा असावा तसाच फोटो येतो. फोटो काढायचा तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. गाठ नाही ना, झटका येऊन गेला नाही ना, पाणी किंवा रक्त साचलं नाही ना. पुढे काही वर्षांनी यातल्या काही जणांची बुद्धीही मंदावते. विसरतात, विचार हळू होतो, नसलेली माणसं दिसतात. तेव्हा मेंदू थोडा आक्रसलेला दिसू शकतो, पण माणसाला किती आठवतं ते फोटोत मोजता येत नाही. त्यासाठी त्याच्यासमोर बसून बोलावं लागतं.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनाही कंपवात. फोटो वयाला साजेसा आला, तर दोन्ही मुली आनंदाने संत्रा बर्फी घेऊन आल्या. बर्फीचा तुकडा माझ्या हातावर ठेवता ठेवता सरांनी मला तिसऱ्यांदा विचारलं, "आपलं नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलं, बर्फी खाल्ली आणि अभिनंदन केलं. चार-पाच महिन्यांनी थोरली मुलगी भेटली. सर घरून निघून तास न् तास जुन्या शाळेच्या फाटकाशी उभे राहत होते. ती म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल होता ना?" त्या दिवशी एवढं तरी म्हणायला हवं होतं की, बाई, फोटो चांगला आला म्हणून डॉक्टरांकडे जाणं सोडू नका, सर विसरतात ते त्यांना सांगा. मनाई काही त्याला नव्हती. मीच तोंड उघडलं नाही. ती बर्फी माझ्या जिभेवर अजून कडू लागते.

तेव्हापासून मी जरा जास्तच बोलू लागले. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणायच्या, "सुजाता, तू रेडिओग्राफर कमी आणि चौकशी ऑफिस जास्त आहेस." म्हणू देत.

देवरावजी पहिल्यांदा आले ते आपल्या पायांनी, उमरेडहून एस.टी.ने. जातिवंत विणकर. सहा वर्षांपासून कंपवात, उजवा हात थरथरायचा, पण जीभ अगदी ठणठणीत. सोबत बायको कौसल्याबाई. मी त्यांना मशीनमध्ये झोपवलं. आता ज्यांनी एम.आर.आय. काढला नाही त्यांना सांगते, आत फार आवाज होतो. ठक-ठक-ठक, मग घर्रर्र, मग पुन्हा ठक-ठक. आणि वीस-पंचवीस मिनिटं बिलकूल हलायचं नाही. हललं की फोटो पुसट. मी काचेपलीकडून बघते तर देवरावजींचे दोन्ही पाय चालू. एक खाली, एक वर. थरथर नव्हती ती, चांगली तालात हालचाल होती.

मी माइकवर म्हटलं, "देवरावजी, पाय हलवू नका."

आतून आवाज आला, "मी कुठं हालवून राहिलो बाई? तुमचा मागच मले हालवून राहिला."

कौसल्याबाईंनी मला समजावलं. त्यांच्या घरी खड्ड्याचा माग. विणकर जमिनीच्या काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, आणि पायांनी दोन फळ्या आलटून पालटून दाबतो. पन्नास वर्षं या आवाजावर पाय चालले, ते आता थांबणार कसे? मी पट्टा बांधून पाहिला, उशी ठेवून पाहिली. शेवटी मी विचारलं, "विणता विणता पाय कधी थांबवतात हे?" बाई म्हणाल्या, "दोरा तुटला की."

मी माइक घेतला. "देवरावजी, दोरा तुटला!"

पाय जागच्या जागी थांबले. फोटो असा लख्ख आला की मी मॅडमना मुद्दाम बोलावून दाखवला. बाहेर आल्यावर देवरावजींनी टोपी चढवली आणि मशीनकडे बघून म्हणाले, "आवाज बरा आहे, पण ठोका एकसारखा नाही. मधातच बंद पडते. कारागीर कच्चा आहे तुमचा." तो कारागीर म्हणजे मी. मी आठवडाभर हे सगळ्यांना सांगत सुटले होते.

आठ महिन्यांनी तेच नाव यादीत दिसलं, तर मी हसतच बाहेर गेले. बघते तर चाकाच्या खुर्चीत एक माणूस, हनुवटी छातीला टेकलेली, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, हात थडथड उडतोय. मी म्हटलं, "काय देवरावजी, माग दुरुस्त केलाय हो आम्ही." त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते त्यांच्या डोळ्यांत आलंच नाही.

सोबत मुलगा होता, प्रमोद. बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत कामाला, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच लटकत होतं. म्हणाला, "बाबाचं डोकं गेलं मॅडम. तीन हप्त्यांत सारं खलास. आईले म्हणते, ही कोण बाई घरात आली? डॉक्टरनं पुन्हा फोटो सांगितला. मी म्हणतो मागचा फोटो आहेच नं, आता नवीन काय दिसनार? कंपवात डोक्यात चढला, झालं." मग कोणाकडेच न बघता म्हणाला, "येत्या रविवारी माग उचलून नेऊन राहिले गिऱ्हाईक. ज्याच्यासाठी ठेवला थो माणूसच नाही रायला."

कौसल्याबाई जमिनीकडे बघत होत्या.

देवरावजींना मशीनवर घ्यायला निघाले, पण फोटो निघण्याजोगी अवस्थाच नव्हती. अख्खं अंग थडथडत होतं. मी विचारलं, "सकाळची गोळी दिली का?"

बाई म्हणाल्या, "नाई दिली. तुमच्याच फोनवाल्या पोरीनं सांगितलं, उपाशी आणजा."

माझं डोकंच फिरलं. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी, इंजेक्शनच्या तपासणीला उपाशी, म्हणून आमच्या काउंटरवर ज्याला त्याला सरसकट 'उपाशी या'. आणि उपाशी म्हणजे पाण्याचा घोट आणि गोळीसुद्धा बंद, असा आपल्याकडच्या लोकांचा हिशेब. कंपवाताच्या माणसाची सकाळची गोळी चुकवणं म्हणजे त्याचं अंग बांधून टाकणं. काउंटरवरच्या मुलीला मी काय काय बोलले ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. मग डॉक्टर मॅडमना विचारून गोळी दिली, वर दोन बिस्किटं दिली, पुढचा पेशंट आधी घेतला आणि म्हटलं, तासभर थांबा. प्रमोद वैतागून फोनवर बोलायला बाहेर गेला. आता मला वाटतं, त्या मुलीची चूकच उपयोगी पडली. तो तास मिळाला नसता, प्रमोद बाहेर गेला नसता, तर मी पुसट फोटो काढला असता, वर 'पेशंट हलला' असं लिहिलं असतं आणि जेवायला गेले असते.

गोळीने आपलं काम केलं. हात शांत झाला, मान जरा वर आली. पण माणूस काही परत आला नाही. मी त्यांच्या खुर्चीजवळ वाकून म्हटलं, "देवरावजी, दोरा तुटला."

काहीच नाही. पापणीसुद्धा हलली नाही. त्यांचा डावा हात तेवढा वर गेला आणि टोपीवरून डोक्याची डावी बाजू चोळून खाली आला. असं ते मघापासून करत होते, पण माझं लक्ष त्या उडणाऱ्या उजव्या हाताकडे होतं.

फोटोसाठी डोक्यावर पिंजऱ्यासारखं एक झाकण बसवतात, त्यामुळे टोपी काढावीच लागते. मी डबा पुढे केला. कौसल्याबाई टोपीवर हात ठेवून म्हणाल्या, "टोपी राहू द्या न बाई."

"टोपीत काय सोनं लपवलंय?" मी थट्टेने म्हटलं आणि टोपी काढली. डाव्या कानाच्या वर, पांढऱ्या केसांत, वाळलेली खपली. तिच्यावर हळद.

मी विचारलं, "कधी पडले?"

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, प्रमोद नाही ना ते. मग माझा हात धरला.

"तीन हप्ते झाले बाई. मी भावाकडे गेली होती, एकाच दिवसासाठी. पोरानं मागावर बसायची बंदी केली होती नं. घरात कोणी नाही पाहून बसले हे. येऊन पाहते तं खड्ड्यात पडलेले, डोकं मागाच्या लाकडाले लागलेलं. पोट्टा म्हणून गेला होता, आता एकदा बी पडले तं माग विकून टाकीन. मंग कशी सांगू? माग गेला तं हे जगत नाही बाई. हे बी म्हणे, सांगू नको वं प्रमोदले. म्हणून हळद भरली अन् टोपी घातली."

"आणि नंतर?"

"आठ दिवस चांगले होते. चहा पेत, गोष्टी करत. मंग नुसते झोपून राहू लागले. मंग मले ओळखेनासे झाले."

"डॉक्टरांना सांगितलं?"

त्यांनी मान हलवली. डॉक्टरांसमोर प्रमोद बसला होता ना.

इथे मी चुकले. मी ओरडले. "अहो, माग वाचवता वाचवता माणूस घालवून बसाल ना!" त्या बाईंनी पदर तोंडात धरला आणि रडू आवरलं, आणि मला माझीच लाज वाटली. तीन हप्ते ती बाई एकटी ते ओझं वाहत होती, आणि आता ज्या माणसासाठी लपवलं त्याच्याच तोंडून 'ही कोण' ऐकत होती. तिला ओरडायचा मला काय अधिकार?

मी डॉक्टर मॅडमकडे अक्षरशः पळत गेले. त्यांनी ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "कंपवाताने बुद्धी जाते ती वर्षा-वर्षाने. तीन आठवड्यांत नाही जात. एम.आर.आय. राहू दे, आधी सी.टी. घे. दोन मिनिटांत कळतं." देवरावजींच्या डॉक्टरांना फोन झाला, त्यांनीही हो म्हटलं. सी.टी.चं मशीन वेगळं, तिथे ठक-ठक नाही आणि वेळही लागत नाही. आठ महिन्यांपूर्वीचा लख्ख फोटो मी शेजारच्या पडद्यावर लावून ठेवला.

नवा फोटो आला. कवटी आणि मेंदू यांच्या मधे, डाव्या बाजूला, कलिंगडाच्या फोडीच्या आकाराचा एक जाड थर. जुनं, पातळ झालेलं रक्त. पडल्यानंतर थेंब-थेंब साचत गेलेलं. त्याने मेंदू एका बाजूला ढकलला होता. शेजारच्या पडद्यावर मेंदू कसा ऐसपैस बसला होता आणि इथे बिचारा भिंतीला लागून उभा! माझ्या तोंडून 'सापडलं!' निघून गेलं, मोठ्याने. काचेच्या या बाजूला कौसल्याबाई उभ्या होत्या हे मी विसरलेच. सत्तावीस वर्षांत तेवढं एकदाच तोंड कोरं राहिलं नाही.

मॅडमनी प्रमोदला आत बोलावलं. "तुमच्या वडिलांचं डोकं गेलेलं नाही. दाबलं गेलंय. कवटीला छोटी भोकं पाडून हे रक्त काढता येतं, आणि आजच काढायला हवं."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण हे पडले कवा?"

मी आपली चादरीची घडी घालत बसले. रिपोर्टमध्ये 'पडल्यामुळे' हे लिहावंच लागणार होतं. पण त्याआधीच कौसल्याबाई म्हणाल्या, "मी लपवलं रे. मागावर बसले अन् पडले. मी लपवलं."

मला वाटलं, आता हा ओरडणार. तो मटकन स्टुलावर बसला. गळ्यातलं कार्ड मुठीत धरून म्हणाला, "माह्याच भेवानं लपवलं नं तू." आणि रडू लागला. एवढा उंचपुरा गडी, मॅडमसमोर हमसून हमसून.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात गेले. पेशंटच्या मागे वॉर्डात जायची माझी पद्धत नाही, एकदा गेलं की मग सगळ्यांच्याच मागे जावं लागतं. पण राहवेना. देवरावजी टेकून बसले होते, डोक्याला पट्टी, हात थोडा थरथरत होता. कौसल्याबाई वरण-भात भरवत होत्या. मी धीर करून त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "देवरावजी, ह्या कोण?"

त्यांनी घास गिळला. माझ्याकडे असं पाहिलं की जणू डोकं माझंच फिरलंय. "मले येडा समजता काय बाई? पंचेचाळीस वर्षं झाले हिच्या हातचं खाऊन राहिलो." मग जरा निरखून म्हणाले, "तुम्ही थ्याच नं, कच्च्या कारागीर?"

जिन्यात येऊन मी भिंतीला टेकून भरपूर रडले. खालून वर येणाऱ्या एका आजोबांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी, जाणारा जातेच." त्यांना काय सांगणार, की माझा तर परत आलाय!

कंपवात तसाच आहे, हे इथे लिहायलाच हवं. तो बरा होत नाही. पुढे कधी त्यांची बुद्धीही मंदावू शकते, हे डॉक्टरांनी प्रमोदला समोर बसवून सांगितलं. ते आलं तर तेव्हा बघू. पण म्हाताऱ्या माणसाचं काहीही बिघडलं की 'आजार डोक्यात चढला' म्हणून मोकळं व्हायचं, हे काही बरोबर नाही. आणि काउंटरवर आता मोठ्या अक्षरात पाटी आहे, 'कंपवाताची गोळी चुकवू नका'. पाटी माझ्या अक्षरातली आहे.

रविवारी गिऱ्हाईक माग न्यायला आलं, तर प्रमोदने त्याला चहा पाजून परत पाठवलं. खड्ड्यावर त्याने जाड फळ्या ठोकल्या. देवरावजी आता त्या फळ्यांवर बसून शेजारच्या विणकरांसाठी धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या कांड्या भरतात आणि त्यांच्या कामाला नावं ठेवतात. दवाखान्यात निरोप घेताना मी कौसल्याबाईंना बजावलं होतं, "पुन्हा पडले तर लपवायचं नाही. आधी पोराला सांगा, मग डॉक्टरांना. आणि वाटलं तर मला." त्यांनी माझा नंबर प्रमोदकडून लिहून घेतला होता.

मी निवृत्त झाल्यावरची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला माळ्यावरची भांडी काढत होते तर फोन वाजला.

"बाई, मी उमरेडहून कौसल्या. हे पडले."

हातातलं पातेलं खाली गेलं.

"कधी? कसे? डोक्याला लागलं का?"

"काल सकाळी, ओट्यावर. डोकं नाही लागलं, ढोपर फुटलं. मी तवाच पोराले फोन केला. थो आला अन् घेऊनच गेला नागपूरले. फोटो काढला, काईच नाई निंघालं. डॉक्टर म्हणे, सारं साफ आहे."

"मग बाई, मला कशाला घाबरवलंत?"

"तुम्ही म्हटलं होतं नं, लपवू नका. म्हणून सांगितलं."

मागून एक चिडका आवाज ऐकू येत होता. "अवं, साऱ्या मुलखाले सांगशील काय आता? पडलो मी, अन् दवंडी तुही!"

मी म्हटलं, "त्यांना विचारा बरं, काल काय जेवले?"

बाईंनी विचारलं. पलीकडून ताबडतोब उत्तर आलं, एवढ्या मोठ्याने की माझ्या स्वयंपाकघरात घुमलं. "भरीत! अन् मीठ कमी होतं, थे बी सांग त्या बाईले!"

कौसल्याबाई हसू लागल्या.

"खरंच कमी होतं बाई," त्या म्हणाल्या.